किचन वेस्टचा बायोगॅस: या चुका टाळा

हौसेनं बसवलेली बायोगॅसची टाकी तीन महिन्यांत गच्चीवर बंद पडलेली इतक्या ठिकाणी बघितली की शेवटी लिहायला बसलो. पुण्यात ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या आरती संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी खरकट्यावर चालणारं घरगुती संयंत्र केलं, त्याला २००६ साली अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. म्हणजे ही गोष्ट चालते, आपणच घाई करून बिघडवतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एकदम जास्त टाकणं. मावशीकडे हजार लिटरची टाकी आहे, रोज दीड-दोन किलो खरकटं जातं. सत्यनारायणाला दहा-बारा किलो मसालेभात उरला, तो सगळा एकाच दिवशी आत गेला. दुसऱ्या दिवशी गॅस साठणारा वरचा ड्रम टम्म वर आला, सगळे खूश, पण शेगडी काही पेटेना. होतं काय, अन्नाचं आम्ल करणारे जिवाणू झपाट्यानं वाढतात आणि त्या आम्लाचा मिथेन, म्हणजे जळणारा वायू, करणारे हळू वाढतात, मग टाकी आंबते आणि ड्रममध्ये जास्त करून कार्बन डायऑक्साइड भरतो. पीएच पट्टीवर पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा, ५ आला (जितका कमी तितकं आंबट), हवा असतो ७ च्या आसपास. शेजारी म्हणाले टाकी भंगारात द्या. मी खरकटं पूर्ण बंद करायला लावलं, रोज थोडी चुन्याची निवळी आणि दोन बादल्या ताज्या शेणाचा काला घातला, अठराव्या दिवशी निळी ज्योत आली. तेव्हापासून मी आठवड्यातून एकदा पीएच बघतोच, आणि कार्यक्रमाचं उरलेलं अन्न गाईला किंवा कंपोस्टला.

नवीन टाकीत पहिले पंधरा-वीस दिवस फक्त शेणकाला, खरकटं नाही. हे कुणालाच नको असतं, सगळ्यांना रविवारी बसवून सोमवारी चहा करायचा असतो. पहिला गॅस बाहेर सोडून द्या, त्यात हवा मिसळलेली असते, आणि टाकीच्या नळीला काडी लावून बघायचा उद्योग तर कधीच करू नका, भडका आत जाऊ शकतो.

लिंबू-संत्र्याच्या साली नकोत, त्यातल्या तेलानं जिवाणू मरतात. नारळाच्या शेंड्या तर कुजतच नाहीत.

एलपीजीची शेगडी तशीच जोडू नका, जेटचं, म्हणजे गॅस बाहेर येतो त्या तोटीचं, भोक मोठं करून घ्यावं लागतं.

ज्योत फडफडत असेल तर गॅसच्या नळीत पाणी साचलंय, नळीच्या सगळ्यात खालच्या जागी कॉक लावा. मी दर रविवारी तो उघडून पाणी काढतो.