ओटीच्या ब्लाउजपीसची गोधडी, ३५ बाय ४५ इंच

बारशाला, डोहाळजेवणाला, हळदीकुंकवाला ओटीत आलेले ब्लाउजपीस कपाटाच्या तळाशी साचत जातात. त्यातले थोडे शिवले जातात, बाकीचे पुढच्या कुणाच्या तरी ओटीत सरकतात. मॉडर्न क्विल्ट म्हणून हल्ली जे दिसतं त्यात एकरंगी चौकोन, भरपूर मोकळी फिकट जागा आणि थोडेसेच भडक तुकडे असतात. त्याला लागणारं कापड हेच. कमी पडलं तर मुंबईच्या मंगलदास मार्केटमधून (रविवार सोडून) किंवा दादरला हिंदमातावरून साधं पॉपलिन आणा. वरच्या बाजूसाठी मलमल नको, शिलाईजवळ धागे सरकतात.

पहिलीच गोधडी पलंगाची करू नका. ३५ बाय ४५ इंचांचं बाळाचं दुपटं दिवाण आणि टीव्हीच्या मधल्या जमिनीवर मावतं, घरच्या वॉशिंग मशीनमध्ये धुता येतं आणि उत्साह असेपर्यंत पुरंही होतं.

आधी कापडाची परीक्षा. प्रत्येक पीसमधून एक धागा ओढून सिंकवर पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख बोटांत चुरगळते. पॉलिस्टर आकसून कडक मणी होतो. असे पीस बाजूला ठेवा. शाळेच्या गणवेशाचं टेरीकॉटही नको, ते आटत नाही आणि शेजारचं मऊ सुती कापड त्याच्या आधी विरतं. मग एकेक रंग वेगळा भिजवा. डाळिंबी, गडद हिरवा, नेव्ही ब्लू यांच्यावर पांढरा रुमाल ठेवून ओल्यावरच इस्त्री दाबा. रुमालाला डाग लागला तर पुन्हा धुवा, तिसऱ्यांदाही लागला तर तो पीस सोडून द्या. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो यावर फार विश्वास नको.

मापं अशी: तयार चौकोन ५ इंचांचा, कापायचा साडेपाच, कारण चारही बाजूंनी पाव इंच शिलाईत जातं. ७ आडवे, ९ उभे, एकूण ६३. ३६ इंच पन्ह्याच्या ८० सेंमीच्या पीसमधून ३० चौकोन निघतात. जुन्या शर्टाच्या पाठीतून १२ सहज मिळतात. साच्यासाठी पुठ्ठा वापरू नका, वीस-तीस चौकोनांत त्याचे कोपरे झिजतात आणि मापं बदलत जातात. जुना एक्स-रे कापून साचा करा. आरपार दिसतो, त्यामुळे कापडाच्या धाग्याची दिशाही कळते. खडूची रेघ बारीक असू द्या आणि कात्री रेघेच्या आतून चालवा.

रंगांचं गणित बऱ्याच जणींचं इथेच फसतं. सगळे आवडते रंग एकत्र घेतले की गोधडी गजबजते. २७ चौकोन मोतिया किंवा पांढुरके, १८ मध्यम (राखी, फिका निळा), १२ गडद आणि फक्त ६ भडक, असा हिशेब ठेवा. भडक सहा सगळीकडे सारखे पेरू नका, एका कोपऱ्याकडे कळपाने ठेवा. मांडून झाली की मोबाइलवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करा. गुलबक्षी आणि रामा हिरवा शेजारी शेजारी कितीही वेगळे वाटोत, फोटोत दोन्ही एकाच करड्यात विरघळले तर लांबून त्यांचा एकच डाग दिसणार. तिथे एक बदला.

मांडताना पंखा बंद, हे सगळ्यांना आधी सांगून ठेवा. फोटो काढा, मग प्रत्येक ओळीचे सात चौकोन डावीकडून क्रमाने एकावर एक रचून, वर १ ते ९ आकड्याची चिठ्ठी टाचून मिठाईच्या डब्यात भरा. आता जमीन मोकळी. एका ओळीत सहाच जोड असतात, कुकरच्या शिट्ट्या होईस्तोवर एक ओळ निघते.

पाव इंच म्हणजे पाव इंचच. मशीनच्या पट्टीवर सुईपासून मोजून टेप चिकटवा. प्रत्येक जोडात दोन्हीकडे अर्धपाव इंच जास्त गेलं तर आठ जोडांत लांबी दोन इंचांनी घटते आणि ओळी एकमेकींना जुळत नाहीत. पहिले तीन चौकोन जोडून मोजा: साडेपंधरा इंच यायला हवेत. सोळा आले तर शिलाई कडेला जातेय, पंधरा आले तर आत. सुई १४ नंबर, इंचाला दहा टाके. इस्त्री घासू नका, ठेवा आणि उचला, नाहीतर चौकोन ताणून तिरके होतात. १, ३, ५ या ओळींची शिलाई डावीकडे दाबा, २, ४, ६ ची उजवीकडे. मग दोन ओळी जोडताना शिलाया एकमेकींत बसतात आणि कोपरे आपोआप जुळतात.

मुंबईत कापसाचा थर लागत नाही. मऊ झालेली जुनी सुती सहावारी लांबीत चार घड्या केल्या की प्रत्येक थर सुमारे ५४ इंचांचा होतो. त्यातले दोनच घ्या, पंख्याखाली तेवढं पुरे. चारही घेतले तर हाताने सुई ओढताना मनगट बोलतं आणि पावसाळ्यात गोधडी दोन दिवस वाळत नाही. अस्तराला ४४ इंच पन्ह्याचं कापड १.४० मीटर आणा, धुऊन घ्या.

अस्तर उलटं, लादीवर टेपने ताठ चिकटवा. त्यावर साडी, त्यावर चौकोनांचा पट. मधून बाहेर हात फिरवत प्रत्येक चौकोनाच्या मधोमध एक सेफ्टी पिन लावा. ६३ चौकोन, ६३ पिना. काढताना डबीत ६३ मोजल्याशिवाय गोधडी पोराच्या हाती द्यायची नाही.

धावदोरा मधल्या रेषेपासून सुरू करून कडांकडे न्या. कडेकडून आत आलात तर सगळी सुरकुती पोटात जमते. इंच रुंदीची मास्किंग टेप चिकटवून तिच्या कडेने टाके घाला, रेषा सरळ येते. इंचाला पाच-सहा टाके, भरतकामाच्या दोऱ्याचे दोन पदर, लांबी हातभरच. त्याहून लांब दोरा गुंततो. गाठ अस्तरावर ठेवू नका, हलकेच ओढून साडीच्या थरात लपवा. मशीनने करायचं तर पायाचा दाब कमी करा आणि इंचाला आठ टाके ठेवा. तरीही वरचा थर पुढे सरकत असेल तर पिना कमी पडल्यात.

गोट गडद रंगाचा, कारण कड पहिली मळते. अडीच इंची सरळ पट्ट्या पाच, ३५ सेंमी कापडातून निघतात. कडा सरळ आहेत, उरेब (तिरकी कापलेली) पट्टी नको. पट्ट्या जोडून लांबीत दुमडा, पुढून पाव इंचावर शिवा, मागे वळवून तुरपाई करा. हे काम लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर होतं.

पहिली धुलाई एकटीची, थंड पाण्यात. दोन दोऱ्यांवर पसरून वाळवा. एकाच दोरीवर टाकली की ओल्या वजनाने मधली शिलाई ताणते.