शवागारात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

सीमाभागातील एका तालुका रुग्णालयाच्या शवागारात मी शवविच्छेदनाचा मदतनीस म्हणून रुजू झालो, तेव्हा मला धास्ती होती ती रक्ताची आणि वासाची. त्यांची सवय काही आठवड्यांत होते. सवय होत नाही ती मृताच्या खिशातून निघणाऱ्या वस्तूंची आणि दाराबाहेर ऐकू येणाऱ्या आपल्या भाषेची.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खालील, म्हणजे अनैसर्गिक मृत्यूच्या, पंचनाम्याचे कागद आमच्याकडे कन्नडमध्ये येतात आणि ते वाचताना मन कोरडे राहू शकते. परंतु निपाणीजवळ महामार्गावर मरण पावलेल्या, माझ्याच वयाच्या एका तरुणाच्या खिशात शेंगदाणे, गूळ, तूरडाळ अशी मराठीत लिहिलेली किराण्याची चिठ्ठी सापडली आणि त्याच वेळी बाहेर त्याची आई त्याला मराठीत हाका मारू लागली, तेव्हा माझे हात थांबले. पुढे कित्येक दिवस किराण्याच्या दुकानात पाऊल ठेवणे मला जड जात होते.

हा माझा दुबळेपणा नव्हता, हे मला फार उशिरा कळले. 1989 साली ‘आयोवा’ या अमेरिकी युद्धनौकेवरील स्फोटात 47 खलाशी मरण पावले. त्यांचे मृतदेह हाताळणाऱ्या 54 स्वयंसेवकांचा पुढे अभ्यास झाला, तेव्हा मृताच्या जागी ज्यांना आपला मित्र दिसला, त्यांच्यात आघातोत्तर मानसिक विकाराचे प्रमाण अधिक आढळले. आमच्याकडे मृत माणूस बहुधा शेजारच्याच गावचा असतो, त्यामुळे हा धोका आम्हाला रोजचाच आहे.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, वस्तूंची यादी करणारा आणि देहावर काम करणारा हे शक्यतो वेगळे असावेत, आणि गरज नसेल तेव्हा मृताचा चेहरा झाकलेला असावा. याचा अर्थ मन दगडाचे करा असा नाही. शेवटचे टाके मी अतिशय नेटके घालतो, कारण घरचे लोक तो देह अंघोळ घालण्यासाठी उघडणार असतात, आणि मला स्वतःला सर्वांत मोठा आधार त्याच कामाने दिला आहे.

दारूचे घोट घेऊन आत जाण्याची जुनी रीत नवख्यांना आजही शिकवली जाते. ती कृपया स्वीकारू नये. दारूने झोप आल्यासारखे वाटते, पण ती मोडकी असते, आणि न बोललेले तसेच साचत जाते. कामाची पाळी संपल्यावर सहकाऱ्याशी दहा मिनिटे बोलावे. तीच दृश्ये महिनाभरानंतरही डोळ्यांपुढे येत असतील, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटावे किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर फोन करावा. तेथे मराठीत बोलता येते.

लहान मुलाचा देह आला, तर ज्याच्या घरी तेवढ्याच वयाचे मूल आहे त्याला त्या दिवशी आत पाठवायचे नाही, असे आम्ही आपसांत ठरवले आहे, आणि हे वरिष्ठांना सांगताना मला कधीही संकोच वाटलेला नाही.