गाडी न काढता अजिंठा: जळगावला उतरा

मुंबईहून अजिंठ्याला जायला स्वतःची कार लागते, हा समज सोडून द्या. रात्रीची रेल्वे पकडा आणि जळगावला उतरा. लेणी इथून जेमतेम साठ किलोमीटर. स्टेशनवरून रिक्षाने बसस्थानक गाठा आणि छत्रपती संभाजीनगरकडे जाणारी एसटी धरा. चढतानाच कंडक्टरला ‘अजिंठा टी-पॉइंट’ म्हणून सांगून ठेवा. हा थांबा फर्दापूरच्या थोडा पुढे आहे. अजिंठा गाव त्याहून पुढे, घाटावर. डुलकी लागली तर थेट तिथे पोचाल.

टी-पॉइंटवर कारवाल्यांनाही गाडी उभी करावीच लागते. शेवटचे चार किलोमीटर सगळ्यांना एसटीचीच बस, मग आपण कार आणून मिळवलं काय?

सोमवारी लेणी बंद असतात, तेवढा वार टाळा. सकाळी नऊलाच आत शिरा. एक नंबरच्या लेण्यातला पद्मपाणी, म्हणजे हातात कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाचं भित्तिचित्र, घाईत बघू नका. अंधाराला डोळे सरावू द्या, मग मुकुटावरची नक्षी हळूहळू उमटत जाते. फ्लॅश चालत नाही. बूट बाहेर काढावे लागतात, म्हणून चप्पल बरी. सव्विसाव्या लेण्यातल्या बुद्धाच्या महापरिनिर्वाणाच्या शिल्पासाठी पायांत बळ राखून ठेवा.

परतीची एसटी टी-पॉइंटवरच मिळते, पण भरून येते. चारच्या सुमारास निघालात तर बरं. जळगावात जेवूनच रेल्वेत बसा: हिवाळा असेल तर काड्यांवर भाजलेल्या हिरव्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, एरवी शेवभाजी.