खोलीतला माणूस दारू सोडतो तेव्हा

"ताई, तीन दिवस झाले, थेंब घेतला नाही. पण आता भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणतो. अंग नुसतं थरथरतंय." बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीजवळच्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीजवळच्या, एका खोलीतून आलेला फोन. खोलीतले दोघे त्याला रात्रीच्या गाडीने गावी, भगताकडे न्यायला निघाले होते. म्हटलं, गाडी सोडा, रिक्षा करा आणि सरळ सयाजी हॉस्पिटल गाठा.

मी दांडिया बाजारात वाढले, मनोविकार विभागात समाजसेविका आहे. खानदेशातून बडोद्याला कामाला आलेल्या माणसाबरोबर दवाखान्यात बायको-आई क्वचितच असते, खोलीतलाच कुणी येतो. हे त्याच्यासाठी लिहितेय.

रोज पिणाऱ्याला कोंडून, शपथ घालून दारू एकदम तोडायला लावू नका. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भास, ताप, बरळणं. अशा वेळी १०८. डॉक्टर गोळ्या देऊन, त्या कमी करत करत माणसाला उतरवतात. नाक्यावर 'ताकदीची बाटली' चढवायची घाईही नको. अशा माणसाला ग्लुकोजच्या आधी थायमिन, म्हणजे बी-१, लागतं. नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते.

गुजरातमध्ये दारूबंदी, त्यामुळे प्रत्येकजण "कधीतरी घेतो" म्हणतो. (आमच्या ओपीडीत 'कधीतरी' म्हणजे रोज देशी दारूच्या दोन पोटल्या, पिशव्या.) डॉक्टरला खरा आकडा सांगा, शेवटची कधी घेतली तेही. औषधाचा डोस त्यावर ठरतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूमुळे होणारे मानसिक त्रासही आजारात धरलेत, आणि आपली माहिती गुप्त राहण्याचा हक्क रुग्णाला आहे.

आता खरी मेख. "आधी दारू सोड, मग डोक्याचं बघू," असं कुणी म्हणालं तर उठू नका. सुरुवातीला मीही हेच सांगायचे. एकजण तसा दारूची एक आणि डोक्याची एक अशा दोन खिडक्यांमध्ये फिरून थकला, गावी गेला, परत आलाच नाही. दोन्ही आजार एकमेकांना पोसतात, उपचार एकत्रच हवेत. पण आधी काय सुरू झालं हे डॉक्टरला कळायला हवं, म्हणून गावी, रुग्णाच्या आईला फोन लावून विचारा. दारू लागायच्या आधी झोप उडाली होती का? मध्ये महिनाभर बंद होती तेव्हाही कानात आवाज येत होते का? या दोन उत्तरांनी डॉक्टरचं अर्धं काम होतं.

दुभाषाचं काम करताना जपा. एकाने "करमत नाही"चं गुजराती करताना डॉक्टरांना "नोकरी गमती नथी", म्हणजे नोकरी आवडत नाही, असं सांगितलं. उदासपणा कागदावर आलाच नाही.

दारू सोडवायची गोळी भाजीत कालवून देऊ नका. तीवर दारू प्यायला तर जिवावर बेततं, आणि भास होणाऱ्याचे भास वाढू शकतात. ती द्यायची तर त्याला सांगून, डॉक्टर म्हणाले तरच.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी जाईल तेव्हा महिन्याची औषधं आणि केसपेपरचा फोटो बरोबर द्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ त्याच्या फोनमध्ये भरून ठेवा. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. भाऊबंद ग्लास पुढे करतील. "लिव्हरची गोळी चालू आहे" म्हणायला शिकवा. 'डोक्याची' म्हटलं की कुणी ऐकत नाही.