निवडणूक रोखे आणि कुनोचे चित्ते: टिपणं अशी काढा

ग्वाल्हेरच्या लश्कर भागात माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी सांगते, तारखा पाठ करण्याआधी पैशाची वाट कागदावर काढा. देणगीदार स्टेट बँकेतून निवडणूक रोखा घेई, राजकीय पक्ष तो वटवी, मतदाराला नाव कळत नसे. त्याच कागदावर २०१७ च्या वित्त अधिनियमाचे बदल लिहा: कंपन्यांच्या देणगीवरची, नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा गेली, रोख्यांतली देणगी निवडणूक आयोगाला कळवायची सक्तीही गेली. मग १५ फेब्रुवारी २०२४ चा निकाल वाचा. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने योजना रद्द केली. आधार अनुच्छेद १९ (१) (क), मतदाराचा माहितीचा हक्क. देणगीदाराच्या गोपनीयतेचा मुद्दा खोडून काढल्याशिवाय उत्तर मला अर्धवट वाटतं.

वन्यजीवांच्या टिपणांना नकाशा हवाच. कुनो राष्ट्रीय उद्यान आपल्या जवळच्या श्योपूर जिल्ह्यात. १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियाचे ८ चित्ते आले, फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे १२. पण २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गीरचे सिंह इथे आणायला सांगितलं होतं, हे बहुतेक मुलं विसरतात. ते चित्त्यांच्या वरच लिहा. चंबळच्या सुसरी तर आपल्या अंगणातल्या. चंबळ अभयारण्याची तीन राज्यं नकाशावर रंगवा: मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेश.