पहिलीचा वर्ग हाती घेताय? जूनमधल्या या चुका टाळा

जूनच्या मध्याला शाळा उघडते तेव्हा मृग लागून आठवडा झालेला असतो. पाऊस पडला असेल तर निम्मं गाव पेरणीला शिवारात, नसेल पडला तर सगळ्यांचे डोळे आभाळाकडे. अशा दिवसांत पहिलीचं लेकरू शाळेच्या पायरीवर येऊन उभं राहतं. मी बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते आणि पहिलीचाच वर्ग दरवर्षी मागून घेते. यंदा पहिल्यांदा पहिली मिळालेल्या बाईंसाठी, सरांसाठी हे लिहितेय. यातल्या बऱ्याचशा चुका मी स्वतः केल्यात आणि त्यांचं मूळ जवळपास एकच होतं. लेकराला अजून शाळा कळलेली नसायची आणि मी मात्र 'याला येत नाही' असं ठरवून टाकायचे.

'आई आत्ता येते' असं खोटं सांगणं

पहिला दिवस छान जातो. प्रभातफेरी, ओवाळणं, फुगे, नवी पुस्तकं. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी असते, कारण फुगे नसतात आणि आई दारातून परत फिरते. अशा वेळी आपण आईला खुणावतो, 'तुम्ही गुपचूप निघा.' लेकरू वळून बघतं तर आई नाही. त्यानंतर ते दिवसभर फळ्याकडे बघतच नाही, दाराकडे बघत बसतं.

त्यापेक्षा आईला, आजीला दोन-तीन दिवस वर्गात दाराजवळ बसू द्या. मग थोडं लवकर उठायला सांगा, पण सांगून उठायचं. लेकराला घड्याळ कळत नाही, खिचडी कळते. 'खिचडी खाल्ली की आई येईल' असं सांगितलं तर आईने त्या वेळेला यायलाच पाहिजे. पेरणीमुळे आईला जमणार नसेल तर तसं आधीच बोलून घ्या आणि खिचडीऐवजी शेवटच्या घंटेचा वायदा करा. अंगणवाडीच्या ताईंना पहिले दोन दिवस वर्गात येऊन बसायची विनंती करा. एक ओळखीचा चेहरा असला की अर्धी रडारड थांबते.

तिसऱ्या आठवड्यातही लेकरू रडत असेल तर कारण आईच्या आठवणीपलीकडचं असतं. कोणी मारतंय का, पाणी कुठे प्यायचं ते माहीत आहे का, मोठ्या मुलांची भीती वाटते का, हे बघा.

शाळा कशी वापरायची हे न शिकवणं

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान मी इथेच केलंय.

एका वर्षी एक मुलगा होता. एप्रिलमधल्या शाळापूर्व तयारीच्या मेळाव्यात प्रत्येक टेबलवर चुणचुणीत. जूनमध्ये मात्र खिचडी झाली की दप्तर टाकून घराकडे पळायचा. मी दोनदा रागावले, घरी निरोप धाडला, वहीत 'वर्गात बसत नाही' असं लिहूनही ठेवलं. चौथ्या दिवशी मी त्याच्या मागोमाग गेले. तो घरामागच्या बाभळीआड बसला होता. शाळेच्या शौचालयाला लोखंडी दार होतं, आत अंधार आणि कडी त्याच्या डोक्याच्या वर. दार एकदा लागलं तर उघडणार नाही, अशी त्याची भीती होती. तोंडाने सांगता आलं नाही म्हणून पाच वर्षांचं लेकरू रोज अर्धा किलोमीटर पळत होतं.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या वर्गाला हात धरून तिथे नेलं. दार उघडून दाखवलं, कडी प्रत्येकाकडून लावून-काढून घेतली, पाणी कसं ओतायचं ते दाखवलं आणि कडी खाली बसवून घेतली. आता माझा पहिल्या दिवसाचा पहिला तास हाच असतो. 'बाई, एकीला जाऊ?' हे वाक्य आम्ही सगळे मिळून मोठ्याने म्हणतो. लाज मोडते.

पाण्याची टाकी, तोटी, हात धुणं, ताट कुठून घ्यायचं आणि कुठे ठेवायचं, कुठली घंटा कशाची, दप्तर कुठे अडकवायचं, हे सगळं रोज एकेक करून दाखवा आणि करवून घ्या. नुसतं सांगून भागत नाही. त्यात पहिला आठवडा गेला तर जाऊ द्या. नाहीतर हीच गोष्ट तुम्ही दिवाळीपर्यंत ओरडून सांगत राहाल.

पहिल्याच आठवड्यात पाटीवर 'अ' गिरवायला लावणं

पालक विचारतात, 'बाई, आठ दिस झाले, पाटी कोरीच हाय?' या प्रश्नाला घाबरून आपण सगळ्यांना अक्षरं काढून देतो. गडबड करू नका. विद्याप्रवेश हा शालेय तयारीचा खेळावर आधारलेला कार्यक्रम तीन महिन्यांचाच आखलेला आहे. 2020 च्या शैक्षणिक धोरणातही पहिली-दुसरी ही अंगणवाडीच्या तीन वर्षांसोबत एकाच पायाभूत टप्प्यात धरली आहे. पालकांच्या पहिल्या बैठकीत हे साध्या शब्दांत सांगा आणि त्यांच्यासमोर एखाद्या लेकराला मुठीत पेन्सिल धरून रेघ ओढायला लावा. हात अजून तयार नाही, हे त्यांनाच दिसतं.

हात तयार करायला आपल्याकडे काय कमी आहे? पहिला पाऊस झाला की काळी माती हवी तेवढी. बैल करायला पोळ्याची वाट बघायची गरज नाही, जूनमध्येच करू द्या. मातीत चिमटे काढून शिंगं ओढताना जी बोटं चालतात, तीच पेन्सिल धरतात. ज्वारीतले खडे निवडणं, रांगोळीच्या ठिपक्यांवरून रेघ ओढणं, कागद फाडून चिकटवणं, सगळं चालतं.

पेन्सिल मुठीत धरली जात असेल तर बोटाच्या दोन पेरांएवढा खडूचा तुकडा द्या. एवढासा तुकडा मुठीत मावतच नाही, तीन बोटांत आपोआप येतो. डावखुऱ्या लेकराचा हात बदलू नका. आजी बदलायला सांगेल, तिला समजावा. अक्षर किंवा आकडा आरशातल्यासारखा उलटा काढला तरी या वयात घाबरण्यासारखं काही नाही. सुलट काढून शेजारी ठेवा, चुकीची फुली मारू नका.

अक्षरं सुरू कराल तेव्हा 'अ' पासून 'ज्ञ' पर्यंत ओळीने जाऊ नका. ङ आणि ञ नी सुरू होणारा एक तरी शब्द लेकरू घरी बोलतं का? ग, म, न एवढी तीनच घ्या. मन, गगन, मगन लगेच तयार होतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी लेकरू वाचतं. स्वतः वाचलेला पहिला शब्द घरी जाऊन सांगायला मिळाला की दुसऱ्या दिवशी त्याला ओढून आणावं लागत नाही.

पाटीवरची पेन्सिल खाणारं एखादं लेकरू प्रत्येक वर्गात असतं. दटावून सवय जात नाही. अंगात लोह कमी असलं की माती-पेन्सिल खावीशी वाटते, असं बऱ्याचदा असतं. आशाताईंना, आरोग्य उपकेंद्राला कळवा आणि शाळेत येणारी गुलाबी गोळी ते लेकरू खरंच गिळतं का, ते स्वतः बघा.

शंभरपर्यंत म्हणतो म्हणजे गणित येतं असं धरणं

'आमचं लेकरू शंभरपर्यंत घडाघडा म्हणतंय' असं वडील कौतुकाने सांगतात, आणि ते खरंही असतं. त्याच लेकरापुढे सात चिंचोके ठेवा. तोंड पुढे पळतं, बोट मागे राहतं आणि सात चिंचोके दहा होतात. लेकराला म्हणता येतं, मोजता येत नाही. यावर उपाय असा, की मोजलेला प्रत्येक चिंचोका उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचा. एक आकडा, एक चिंचोका. सीताफळाच्या बिया, खडे, काहीही चालेल. मग पाच चिंचोके दाखवून दोन मुठीत लपवा आणि विचारा, 'मुठीत किती?' पहिला महिना दहाच्या आतच खेळा.

पुढे दोन अंकी संख्या आल्या की 25 च्या जागी 52 लिहिलेलं दिसेल. ते दुर्लक्षामुळे होत नाही. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी ऐकू येतो आणि लिहिताना दोन आधी लिहावा लागतो. मराठीतले आकडे तसेच आहेत. तुराट्यांच्या बोटभर काड्या करून दहा-दहाचे गठ्ठे बांधा. दोन गठ्ठे डावीकडे, पाच सुट्या उजवीकडे, आणि त्यांच्याखाली आकडे लिहा. शंभर वेळा खोडून लिहायला लावल्याने जे होत नाही, ते हाताने गठ्ठा ठेवल्यावर होतं.

घरची बोली दुरुस्त करणं

'बाई, म्या जेवलो न्हाई.'

'म्या नाही, मी. नाही म्हण, न्हाई नाही.'

हा संवाद माझा आहे, नोकरीच्या पहिल्या वर्षातला. लेकरू उपाशी होतं आणि मी त्याचं व्याकरण बघत होते. त्यानंतर त्याने मला बरेच दिवस काही सांगितलं नाही. आता मी आधी विचारते, 'जेवला नाहीस? का रे बाळा?' त्याच्या कानावर प्रमाण वाक्य पडतंच, आणि त्याला ताटही मिळतं.

बंजारा तांड्यावरून येणाऱ्या लेकरांचं तर याहून अवघड असतं. एक मुलगी तीन आठवडे एक शब्द बोलली नाही. नाव घेतलं तरी मान खाली. एके दिवशी चूल पेटवणाऱ्या बाईचं चित्र दाखवून 'ही कोण?' असं विचारलं. तिच्या शेजारी बसलेल्या दुसरीतल्या बहिणीने हळूच सांगितलं, 'याडी.' म्हणजे आई. मी पण म्हटलं, 'हां, याडी! याडी काय करतेय?' ती मुलगी माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. मग जे बोलायला लागली ते खिचडीची घंटा झाली तरी थांबेना. सगळं गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत. मला निम्मं कळलं, पण तिच्याकडे सांगायला किती होतं ते पूर्ण कळलं. तिच्या नावापुढे मी 'मंद' असं लिहायच्या बेतात होते.

वर्गात कुठल्या घरात काय बोलतात याची यादी पहिल्या आठवड्यातच करा. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उमरगा-निलंग्याकडे कानडी, बऱ्याच गावांत दखनी, तांड्यावर गोरमाटी. आई, पाणी, भूक, दुखतंय, ये, बस असे वीस-पंचवीस शब्द पालकांकडून लिहून घ्या आणि स्वतः पाठ करा. मोठी भावंडं, वरच्या वर्गातली मुलं यांना दुभाषी म्हणून बसवा. मराठी येईलच. पण बोलायचं थांबलेल्या लेकराला कुठलीच भाषा शिकवता येत नाही.

आणखी दोन गोष्टी तपासायच्या राहून जातात. पहिली म्हणजे वय. आपल्याकडे पहिलीसाठी सहा वर्षं 31 डिसेंबरला पूर्ण व्हावी लागतात, त्यामुळे जानेवारीतलं आणि डिसेंबरमधलं लेकरू एकाच बाकावर बसतं. दोघांत जवळपास वर्षाचं अंतर. हजेरीच्या मागच्या पानावर जन्ममहिने लिहून ठेवा आणि तुलना करायची इच्छा झाली की ते पान उघडा. दुसरी, कान आणि डोळे. लेकराच्या पाठीमागे उभं राहून हळू आवाजात नाव घ्या. वळलं नाही तर शिक्षा नको, तपासणी हवी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, त्या दिवशी ते लेकरू हजर असेल हे बघा. पथक यायला वेळ असेल तर थांबू नका, पालकांना ग्रामीण रुग्णालयात पाठवा.

छडीबद्दल एवढंच, की शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींना मनाई केली आहे. 'गाढव आहेस' हेही त्यातच येतं.

ऊसतोडीचा हिशेब जूनमध्ये न करणं

हे आमच्या बीडकडच्या आणि आसपासच्या शिक्षकांसाठी. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात आणि वर्गातली कितीतरी लेकरं गाड्यांवर चढतात. म्हणजे या लेकरांसाठी पहिलीचं वर्ष जून ते ऑक्टोबर एवढंच. आपण वर्षभराचं नियोजन सगळ्यांसाठी सारखं करतो आणि नोव्हेंबरमध्ये हळहळतो.

जूनमध्येच घरोघर जाऊन विचारा: यंदा कोयता घेणार का, म्हणजे ऊसतोडीला जाणार का, कोण कोण जाणार, लेकरू आजीकडे ठेवता येईल का. आजीशी त्याच वेळी बोला. ऐन निघायच्या दिवशी कोणी ऐकत नाही, तोवर उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली असते आणि मन ठरलेलं असतं. मागे राहणाऱ्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव द्यायचा असेल तर आकडा याच यादीतून मिळतो. जे लेकरू जाणारच आहे त्याच्या पालकांचे दोन मोबाइल नंबर आणि टोळी नेणाऱ्या मुकादमाचा एक नंबर लिहून घ्या, कारखाना कुठला तेही विचारा, म्हणजे तिथल्या जवळच्या शाळेशी बोलता येतं.

त्या लेकरासाठी मी एक छोटी पिशवी जूनपासूनच भरत जाते. त्याने वाचलेल्या शब्दांच्या चिठ्ठ्या, दहा चिंचोके, तुराट्यांचा एक गठ्ठा, पाटी आणि खडूचे तुकडे. नवा शब्द वाचला की चिठ्ठी त्याच्याच हाताने पिशवीत टाकायची. ऑक्टोबरमध्ये गाडी निघताना ती पिशवी मी आईकडे देत नाही, लेकराच्या गळ्यात अडकवते.