रिव्हॉल्व्हरच्या जोडीला पॉइंट टू-टू रायफल: निवड कशी करावी

कोल्हापूर शहरात आणि जिल्ह्यात शस्त्र परवाना असलेल्या अनेक घरांत रिव्हॉल्व्हर असते, परंतु ते कपाटातून बाहेर निघते ते बहुधा परवान्याच्या नूतनीकरणासाठी, नाहीतर आचारसंहितेच्या काळात पोलीस ठाण्यात जमा करण्यासाठी. ज्या शस्त्राने वर्षानुवर्षे एकही गोळी झाडलेली नाही ते प्रसंगी आपल्या हातात नीट चालेल असे मानणे धोक्याचे आहे, कारण चाप ओढण्याची शिस्त हाताला सरावानेच येते. हा सराव परवडावा, खांद्याला व कानाला सोसावा आणि त्यातून आपली चूक आपल्याला स्पष्ट दिसावी, यासाठी रिव्हॉल्व्हरच्या जोडीला .२२ बोअरची, म्हणजे ०.२२ इंच व्यासाच्या नळीची रिम-फायर रायफल घेणे हा माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे. ती निवडताना पाहायच्या गोष्टी येथे मांडल्या आहेत.

दुकानात जाण्यापूर्वी कायद्याचा हिशोब करावा. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली आहे. म्हणजे एक रिव्हॉल्व्हर आणि एक रायफल घेतली की सामान्य परवानाधारकाची मर्यादा संपते. वडिलोपार्जित बाराबोअर बंदूक घरात असेल आणि तीही आपल्याच नावावर असेल, तर रायफलीला जागाच उरत नाही. मात्र याच अधिनियमाच्या कलम ३ च्या पोटकलम (३) मध्ये एक महत्त्वाची सवलत आहे: केंद्र सरकारने परवाना किंवा मान्यता दिलेल्या रायफल क्लबचा वा रायफल असोसिएशनचा सदस्य लक्ष्यसरावासाठी .२२ बोअरची रायफल किंवा एअर रायफल वापरत असेल, तर त्याला ही संख्येची मर्यादा लागू होत नाही. त्यामुळे आधी क्लबचे सदस्यत्व, मग रायफल, हा क्रम मी प्रत्येकाला सुचवतो. आपल्या जिल्ह्यात परवाना देण्याचा अधिकार जिल्हादंडाधिकारी म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. तेव्हा दुसऱ्या शस्त्राची परवानगी, सोबत बाळगता येणाऱ्या काडतुसांची संख्या आणि परवान्याचे क्षेत्र या तिन्ही गोष्टी तेथे लेखी विचारून घ्याव्यात आणि मगच विक्रेत्याकडे विसार द्यावा.

आता मूळ प्रश्न. ‘जोडी’ म्हणताना अनेकांच्या मनात एकाच काडतुसावर चालणारी दोन शस्त्रे असतात. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत विंचेस्टरने १८७३ साली.४४-४० काडतुसाची रायफल काढली आणि काही वर्षांतच कोल्टने त्याच काडतुसाचे रिव्हॉल्व्हर दिले, जेणेकरून घोडेस्वाराला कमरेच्या पट्ट्यात एकच प्रकारची काडतुसे बाळगता यावीत. आपल्याकडे मात्र परवानाधारकांपाशी बहुतांशी .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर असते. त्याचे काडतूस सेंटर-फायर, म्हणजे तळाच्या मध्यभागी बसवलेल्या टोपीवर पेटणारे असते; .२२ चे काडतूस तळाच्या कडेत भरलेल्या ठिणगी देणाऱ्या मिश्रणावर पेटते, म्हणून त्याला रिम-फायर म्हणतात. या दोहोंत काहीही सामाईक नाही आणि असण्याची गरजही नाही. .३२ वाल्याने जोडी काडतुसाची न पाहता सरावाची पाहावी: चाप, श्वास आणि नजर यांचे शिक्षण रायफलीवर घ्यावे आणि प्रत्येक सत्राच्या शेवटी मोजक्या गोळ्या रिव्हॉल्व्हरने झाडाव्यात.

ज्यांच्याकडे .२२ चेच रिव्हॉल्व्हर आहे, उदाहरणार्थ इच्छापूरच्या रायफल फॅक्टरीचे ‘निडर’, त्यांना खरी काडतुसांची जोडी जमवता येते. तरीही एका डब्यातली काडतुसे दोन्ही शस्त्रांत सारखीच वागतील अशी अपेक्षा ठेवू नये. साधारण ४० ग्रेन, म्हणजे २.६ ग्रॅम वजनाची .२२ लाँग रायफलची गोळी रायफलीच्या लांब नळीतून सेकंदाला सुमारे ३२५ ते ३३० मीटर वेगाने निघते. रिव्हॉल्व्हरच्या आखूड नळीत दारूला जळायला तेवढा अवधी मिळत नाही, शिवाय सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतून वायू निसटतो, म्हणून तोच वेग बराच खाली येतो. येथे एक सक्त सूचना द्यावीशी वाटते. १९५९ साली आलेले .२२ मॅग्नम हे काडतूस नावाने भावंड वाटले तरी त्याचे कवच लांब आणि जाडही असते. .२२ लाँग रायफलचे काडतूस मॅग्नमच्या घरात, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीत, सैल बसते आणि झाडताच त्याचे कवच फाटू शकते. नळीवर कोरलेले काडतुसाचे नाव वाचल्याशिवाय कोणतीही गोळी भरू नये.

रायफलीने सराव का करावा, हे एका साध्या गणिताने पटते. समजा रिव्हॉल्व्हरची मागची खाच आणि पुढची माशी यांत १० सेंटिमीटर अंतर आहे आणि रायफलीच्या दोन दर्शकांत ६० सेंटिमीटर. माशी एक मिलिमीटर सरकली, तर २५ मीटरवर रिव्हॉल्व्हरची गोळी २५ सेंटिमीटर बाजूला जाते, रायफलीची चार सेंटिमीटरच्या आसपास. रिव्हॉल्व्हरवर नवशिक्याच्या गोळ्या इतक्या विखुरतात की नजर चुकली, चाप झटक्याने ओढला की धसक्याने डोळे मिटले, हे त्यालाही कळत नाही आणि शेजारी उभ्या असलेल्या मार्गदर्शकालाही नाही. रायफलीच्या लक्ष्यपत्रावर मात्र प्रत्येक चूक वेगळी वाचता येते. कोल्हापूरकरांना हे वेगळे सांगायला नको. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवले ते ५० मीटर रायफल थ्री पोझिशन या प्रकारात, आणि तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये जगज्जेत्या झाल्या त्या ५० मीटर प्रोन, म्हणजे पालथे पडून नेम धरण्याच्या प्रकारात. हे दोन्ही प्रकार याच.२२ रिम-फायर काडतुसाचे आहेत.

प्रत्यक्ष निवडीत मी बोल्ट-अॅक्शनलाच कौल देतो. बोल्ट हाताने मागे ओढावा लागत असल्याने प्रत्येक गोळीनंतर थांबावे लागते आणि सरावासाठी हे थांबणेच मोलाचे आहे. यंत्रणा सोपी असल्याने दुरुस्तीही सोपी पडते. परदेशी चित्रफितींमध्ये दिसणाऱ्या अर्धस्वयंचलित .२२ रायफलींचा मोह टाळावा, कारण आपल्या शस्त्र नियमांत अर्धस्वयंचलित रायफली सर्वसाधारणपणे प्रतिबंधित गटात धरल्या जातात. परदेशातून रायफल आणण्याची सवलतही पात्र नेमबाजांपुरतीच आहे. सामान्य परवानाधारकासमोर प्रामुख्याने दोन वाटा उरतात: इच्छापूरची नवी .२२ स्पोर्टिंग रायफल, किंवा एखाद्या जुन्या परवानाधारकाकडची ब्रनो, बीएसए अशा बनावटीची वापरलेली रायफल.

नवी रायफल घेताना वजन आणि दस्ता या दोन गोष्टींवर जास्त वेळ द्यावा. अडीच ते साडेतीन किलोची रायफल उभ्याने तासभर सराव करायला बरी; सामन्यांच्या रायफली सहा-सात किलोपर्यंत जातात आणि त्यांच्यासोबत जाकीट, पट्टा असा वेगळा संसार लागतो, जो रिव्हॉल्व्हरच्या सरावाला उपयोगी नाही. दस्त्याची लांबी तपासण्यासाठी रायफल रिकामी असल्याची स्वतः खात्री करून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, डोळे मिटून ती खांद्याला लावावी आणि मग डोळे उघडावेत. मान न ताणता आणि गाल न उचलता दोन्ही दर्शक सरळ रेषेत दिसले, तर तो दस्ता आपल्या अंगाचा. घरातील मुलगी किंवा सून परवाना घेऊन याच रायफलीवर शिकणार असेल, तर तिलाही दुकानात सोबत न्यावे, कारण पाच फूट दहा इंचांच्या माणसाला बसणारा दस्ता पाच फूट दोन इंचांच्या व्यक्तीला चुकीची सवय लावतो. नळीच्या लांबीचा अट्टहास नको; .२२ ची थोडीशी दारू पहिल्या १६ ते १९ इंचांतच बहुतेक जळून गेलेली असते आणि त्यापुढची लांबी मुख्यत्वे दर्शकांतले अंतर वाढवण्यापुरती कामी येते. दुर्बीण सुरुवातीला लावूच नये. रिव्हॉल्व्हरवर दुर्बीण नसते, तेव्हा रायफलीवरही माशी रोखूनच शिकावे; मागे छिद्राचे दर्शक बसवण्याची सोय असेल तर उत्तम.

वापरलेली रायफल हा नाजूक विषय आहे आणि येथेच सर्वाधिक फसगत होते. माझ्या परिचयातील एका गृहस्थांनी बाहेरून आरशासारखी चकाकणारी जुनी रायफल घेतली आणि पहिल्याच दिवशी प्रत्येक काडतुसाचे कवच खिळ्याने उपसून काढण्याची वेळ त्यांच्यावर आली. कारण दोनांपैकी एक असते. पूर्वी त्या रायफलीतून आखूड ‘शॉर्ट’ काडतुसे पुष्कळ झाडली गेली असतील, तर काडतुसाच्या घरात पुढच्या बाजूला झिजेचे कडे पडते आणि लांब काडतुसाचे कवच फुगून त्यात अडकते. किंवा कोणी ती रिकामीच वारंवार चालवली असेल, तर काडतुसावर आघात करणारी फायरिंग पिन घराच्या काठावर आपटून तेथे खळगा पडतो आणि त्याची उचललेली धार कवचाला अडवते. म्हणून बोल्ट काढून, विजेरीच्या उजेडात, आधी हा काठ पाहावा. नंतर नळीतून आरपार पाहावे: आतील खाचा शेवटपर्यंत स्पष्ट असाव्यात. जुन्या काडतुसांच्या कडेतील मिश्रणातल्या क्षारांमुळे पूर्वीच्या अनेक नळ्या आतून गंजाने खाल्लेल्या असतात. नळीच्या तोंडाची कड चारही बाजूंनी सारखी असावी. पुढून लोखंडी सळई घालून साफ केलेल्या रायफलींची ही कड एका अंगाला झिजते आणि मग नेम कधीच एका जागी राहत नाही. शक्य असेल तर मालकाच्या परवान्यावर, त्याच्या उपस्थितीत, रेंजवर पाच-दहा गोळ्या झाडून रिकामी कवचे हातात घेऊन पाहावीत. कडेजवळ फुगवटा किंवा चीर दिसली, तर व्यवहार तेथेच थांबवावा. रायफल पसंत पडली तरी हस्तांतराची परवानगी हाती येईपर्यंत ती मालकाकडेच राहिली पाहिजे.

काडतुसांच्या बाबतीत सरावासाठी साधा वेग बरा. अतिवेगाची गोळी सेकंदाला ३८० मीटरच्या आसपास निघते आणि लक्ष्यापर्यंत जाताना ध्वनीच्या वेगाखाली, म्हणजे साधारण ३४० मीटरखाली उतरते. त्या संक्रमणात ती किंचित डळमळते. रिम-फायर रायफली काडतुसांच्या बाबतीत चोखंदळ असतात. एकाच कारखान्याच्या दोन लॉटमध्येही फरक पडतो, म्हणून आधी थोडी काडतुसे आणून ५० मीटरवर पाच-पाच गोळ्यांचे चार-पाच ग्रुप घ्यावेत. साध्या रायफलीने टेकू देऊन पाच गोळ्या अडीच-तीन सेंटिमीटरात बसवल्या, तर मी तो लॉट समाधानाने घेतो. झाडलेली कवचे पुन्हा भरता येत नाहीत, त्यामुळे कोटा जपून वापरावा. काडतूस पेटले नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून पूर्ण अर्धा मिनिट थांबावे आणि मगच बोल्ट उघडावा.

.२२ ला लहान समजण्याची चूक आपल्याकडे फार होते. ही गोळी दीड किलोमीटरहून अधिक अंतर जाऊ शकते आणि मऊ शिशाची असल्याने दगडावरून व पाण्यावरून सहज उसळते. शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा या भागातला जांभ्याचा सडा किंवा नदीकाठ ही नेमबाजीची जागा नव्हे. सराव दुधाळीसारख्या रेंजवरच करावा. उसात शिरणाऱ्या रानडुकरांसाठी ही रायफल घेऊ इच्छिणारेही भेटतात. त्यांना मी स्पष्ट सांगतो की रानडुकराला .२२ केवळ जखमी करते, जखमी जनावर दुसऱ्या दिवशी खुरपणीला गेलेल्या बाईवर धावून जाते, आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे वनविभागाच्या परवानगीविना असा गोळीबार हा गुन्हा आहे.

राहता राहिली आपल्या पावसाची गोष्ट. जून ते सप्टेंबर घरातल्या भिंतींनाही ओल येते, तेथे लोखंडाची काय कथा. रिव्हॉल्व्हर चामड्याच्या म्यानात आणि रायफल कापडी खोळीत ठेवू नये. दोन्ही ओल धरतात. कुलपाच्या लोखंडी कपाटात, सिलिका जेलच्या पिशव्यांसह, तेलाचा पातळ हात देऊन ठेवावीत, काडतुसे वेगळ्या कुलपात असावीत आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी तेलाचा हात पुन्हा द्यावा. .२२ च्या गोळीवरचे मेण नळीचे थोडेफार रक्षण करते, त्यामुळे आतून रोज घासण्याची आवश्यकता नाही. महिन्यातून एकदा मागच्या बाजूने, मऊ कापडाने पुसणे पुरेसे आहे. निवडणुकीसाठी शस्त्रे जमा करण्याचा आदेश आला, तर जमा करण्यापूर्वी नळीत व बाहेरून नेहमीपेक्षा जाड तेल द्यावे, क्रमांक आणि स्थितीची पावतीवर नोंद करून घ्यावी. माझी स्वतःची रायफल एकदा दोन महिन्यांनी परत आली तेव्हा बोल्टवर गंजाचे ठिपके होते आणि मागचे दर्शक हलले होते. त्यानंतर मी दर वेळी परत आलेले शस्त्र आधी कोरडे पुसतो, नळीत प्रकाश टाकून पाहतो आणि जुने लक्ष्यपत्र शेजारी ठेवून २५ मीटरवर दहा गोळ्या झाडून माशी पूर्वीच्याच जागी आहे की नाही ते तपासतो.